सिनेमा संपल्यावर म्हशी कोण तपासणार?

गणपतींना महिना राहिला की आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक निरोप हमखास येतो. "ताई, यंदा काहीतरी संदेश देणारा पिक्चर लावा." ताई म्हणजे मी. बडोद्यात दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं मंडळ. उत्सवात एका रात्री आरतीनंतर पडदा बांधून सिनेमा दाखवायचा ही तिथली जुनी पद्धत. निवड माझ्याकडे आली, कारण प्रोजेक्टर माझा आहे. शाळेतून निवृत्त झाले तेव्हा स्वतःच्या पैशांनी घेतला. घरात अजून कोणी त्याचं कौतुक केलेलं नाही, ते जाऊ दे.

संदेश मागणाऱ्यांवर माझा राग नाही. पण दर वर्षी होतं काय? सिनेमा संपतो, टाळ्या पडतात, कोणीतरी पदराने डोळे पुसतं, कोणीतरी "फार विचार करायला लावणारा होता हं" म्हणतं आणि मग सगळे सेव-उसळीच्या गाडीकडे वळतात. सकाळी निर्माल्य पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीतूनच येतं. प्लास्टिकवरचा सिनेमा दाखवला होता त्या वर्षीसुद्धा तसंच आलं.

मी या टाळ्यांना फारसा भाव देत नाही. ती सवय मला बाबांनी लावली.

बाबा पशुवैद्य होते, एका सहकारी दूध संघात. त्यामुळे आमच्या घरी 'मंथन' हा घरच्या कार्याच्या अल्बमसारखा बघितला जायचा. हा सिनेमा १९७६ चा. श्याम बेनेगल यांनी आधी दुग्धविकासावर माहितीपट केले होते. त्यातून मोठा सिनेमा करावा असं त्यांच्या मनात आलं, पण दहा-बारा लाख आणायचे कुठून? गुजरातच्या दूध सहकाराचे प्रमुख वर्गीस कुरियन यांनी तोड काढली. गुजरातेत सहकारी दूध संस्थांना दूध घालणाऱ्या पाच लाख शेतकऱ्यांनी एका दिवसाच्या दुधाच्या पैशांतून दोन-दोन रुपये सोडायचे. त्यांनी सोडले. म्हणून सिनेमाच्या सुरुवातीला निर्माते म्हणून गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांचा उल्लेख येतो. मग हेच निर्माते आपला पिक्चर बघायला ट्रक भरभरून आले. बडोद्याच्या मराठी घरांना आणखी एक अभिमान होता. पटकथा विजय तेंडुलकरांची, तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बिंदूच्या भूमिकेत स्मिता पाटील आणि गावात दूध संस्था काढायला आलेल्या डॉक्टर रावांचा साथीदार देशमुख म्हणजे मोहन आगाशे. माझी आजी सिनेमाला नावं ठेवणारी बाई, पण "आपली माणसं आहेत" म्हणून तीही थिएटरात गेली होती.

इथवरची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. २०२४ मध्ये कान महोत्सवात 'मंथन'ची दुरुस्त केलेली प्रत दाखवली, तेव्हा वर्तमानपत्रांनी ती पुन्हा सांगितली. त्यानंतर जे घडलं ते मात्र कमी जणांना माहीत असतं. कुरियन यांनी सिनेमाच्या सोळा मिलिमीटरच्या प्रती काढून देशात ठिकठिकाणी खेड्यांत पाठवल्या आणि प्रतीबरोबर माणसं पाठवली. एक पशुवैद्य, एक दुधाचा तंत्रज्ञ, एक चाऱ्याचा जाणकार. डॉक्टर राव आपले साथीदार घेऊन गावात उतरतात, तसंच.

अशाच एका त्रिकुटात बाबा राजस्थानात गेले होते.

त्या दौऱ्याच्या गोष्टी सांगताना बाबा सिनेमाची रात्र दोन वाक्यांत उरकायचे. शाळेच्या भिंतीवर कापड, जनरेटरची धडधड, रीळ बदलताना पोरांचा आरडाओरडा, अमरीश पुरीचा दूधव्यापारी मिश्रा पडद्यावर आला की शिव्या. झालं. त्यांची खरी गोष्ट सकाळी सुरू व्हायची. मिश्रा दुधाच्या भावात गावाला कसा नागवतो ते रात्री बघितलेली माणसं सकाळी आपापल्या म्हशीचं दूध लोट्यात घेऊन रांगेत उभी राहायची आणि तंत्रज्ञ त्यांच्यादेखत फॅट काढायचा. काचेच्या नळीत आधी गंधकाम्ल, त्यावर मोजून दूध, मग थोडं अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवलं की नळी इतकी तापते की फडक्याशिवाय धरवत नाही. मग हाताने फिरवायच्या यंत्रात ती गरगर फिरवायची. वर स्निग्धांशाची पिवळसर काडी उभी राहते आणि ती कितव्या आकड्यापर्यंत आली ते नळीवर वाचायचं. एका म्हातारीच्या दुधाला सात आलं. व्यापारी तिला वर्षानुवर्षं "पाणी घालतेस" म्हणून निम्म्या भावात गुंडाळत होता. तिने तंत्रज्ञाला आकडा पुन्हा वाचायला लावला. तरी विश्वास बसेना, तेव्हा शाळेत जाणाऱ्या नातवाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेतला. मग ती व्यापाऱ्याच्या दारात जाऊन काय काय बोलली ते बाबा आम्हाला कधी पूर्ण सांगत नसत, आई डोळे वटारायची.

तोवर बाबा दुसऱ्या टोकाला म्हशी तपासत असायचे. गाभण आहे का, कासेला सूज आहे का, पाय का ओढते. सभासदत्वाचे अर्ज त्या सकाळी भरले जायचे.

बाबांनी एकदा वरच्यांना लेखी कळवलं होतं की ज्या गावापर्यंत दुधाची गाडी पोचणार नाही तिथे हा सिनेमा दाखवू नये. त्या पत्राची कार्बन कॉपी आमच्याकडे बरीच वर्षं होती. कारण सरळ होतं. माणसं पेटून उठतात, मिश्राशी भांडण घेतात आणि आठ दिवसांनी त्यांचं दूध नासायला लागलं की त्यांना त्याच मिश्राच्या पायऱ्या चढाव्या लागतात. मग तो भाव आणखी पाडतो. सिनेमाने गावाचं भलं होतं हे त्यांना मान्य होतं, पण नुकसानही होऊ शकतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

आईचा आक्षेप वेगळा होता आणि तोही मला पटतो. "म्हशीचं शेण काढणारी बाई, वैरण घालणारी बाई, धार काढणारी बाई. आणि संस्थेच्या वहीत नाव कोणाचं?" पुष्कळ गावांत ते नवऱ्याचंच असायचं. सिनेमातही बिंदूला न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा उठवायला लावतात आणि तो कागद डॉक्टर रावांवर उलटतो. त्या बिचारीला कोणी कागद वाचून दाखवला असता तर? आई हे 'मंथन' लागला की दर वेळी बोलायची. बाबा मान डोलवायचे आणि आवाज वाढवायचे.

तर सिनेमा निवडताना मी आधी हे बघते की दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे कोण हजर असणार आहे. कोणीच नसेल तर सिनेमा कितीही चांगला असो, मी तो 'संदेश' म्हणून लावत नाही. करमणूक म्हणून लावते, त्यात कमीपणा नाही.

गावोगावी पडदा घेऊन फिरण्याची हौस बडोद्याला जुनीच. दादासाहेब फाळके इथल्या कलाभवनात शिकले. 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं त्याची छोटी फिल्म केली होती, 'अंकुराची वाढ'. आपल्याकडच्या सिनेमाच्या मुळाशी एक झाड आहे म्हणा ना. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर वाचनालयं उभी केली. त्या ग्रंथालय खात्याला दृश्य-शिक्षणाची एक शाखा होती. ती खेड्यांत फुकट सिनेमा आणि जादूच्या कंदिलाचे खेळ दाखवायची. वाचता न येणाऱ्यांसाठी ग्रंथालय खात्याने सिनेमा दाखवावा, हे मला फार आवडतं. आणि खेळ बघून कुतूहल वाटलंच, तर गावात वाचनालय होतं, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या येत होत्या.

याउलट आमच्या पिढीचे माहितीपट. सरकारचं फिल्म्स डिव्हिजन १९४८ साली निघालं आणि थिएटरवाल्यांना मुख्य सिनेमाआधी त्यांची फिल्म दाखवणं सक्तीचं होतं. त्यांतल्या काही फिल्म खरोखर सुंदर होत्या. पण प्रेक्षकांनी तो वेळ खारी सिंग आणि विडीसाठी राखून ठेवलेला. धरण, लस, कुटुंबनियोजन, सगळं रिकाम्या खुर्च्यांना समजावून सांगितलं गेलं.

आमच्या शेजारच्या खेडा जिल्ह्यात मात्र दूरदर्शन आणि इस्रो यांनी मिळून वेगळं काहीतरी केलं होतं. १९७५ मध्ये पीज गावात छोटं प्रक्षेपण केंद्र उभं राहिलं आणि आसपासच्या शेकडो गावांत सार्वजनिक टीव्ही संच बसवले. पुष्कळ ठिकाणी ते दूध संस्थेच्या इमारतीतच होते. कार्यक्रमांत गावचीच माणसं, तिथली चरोतरी बोली, विषय अस्पृश्यता, शेतमजुरी, सावकारी, हुंडा. केतन मेहतांसारखे दिग्दर्शक तिथे तयार झाले. या प्रयोगाला युनेस्कोचं पारितोषिक मिळालं आणि त्यानंतर लगेच, १९८५ मध्ये, पीजचं प्रक्षेपण यंत्र उचलून मद्रासला नेलं. लोकांनी विरोध केला, उपयोग झाला नाही. बाबा त्या भागात कामाला जायचे. ते सांगत की संध्याकाळी दूध घालायला आलेली माणसं तिथेच बसून कार्यक्रम बघत आणि बघता बघता दुधाच्या रांगेत कोण कोणापासून लांब उभं राहतं यावर बोलणं निघे. दलितांचं भांडं आणि पटेलांचं भांडं एकाच मापाने मोजलं जातं त्या जागी असा कार्यक्रम लागतो, तेव्हा तो अंगावर येतो. घरच्या दिवाणखान्यात तो तसा येत नाही.

आता थोडं नर्मदेबद्दल, कारण बडोद्यात राहून सिनेमा आणि पर्यावरण यांवर लिहायचं आणि नर्मदा टाळायची हे खोटेपणाचं होईल. सरदार सरोवर धरण इथून नव्वदेक किलोमीटर. २००६ मध्ये आमिर खानने दिल्लीत विस्थापितांच्या पुनर्वसनाची बाजू घेतली आणि त्याचा 'फना' गुजरातेतल्या थिएटरांत लागू शकला नाही. 'फना'त धरणाचं नावसुद्धा नाही, ती प्रेमकथा आहे. आठवड्याभरात त्याच्या सीडी आमच्या गल्लीत फिरत होत्या आणि कोणालाही काही गैर वाटत नव्हतं. सिनेमाचा धाक कसा विचित्र असतो बघा. ज्यात काही म्हटलेलंच नाही तो बंद पडतो. आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा 'नर्मदा डायरी' हा १९९५ चा माहितीपट सातपुड्यातल्या आदिवासी गावांत जाऊन धरणाची दुसरी बाजू तपशीलवार दाखवतो. आमच्या गल्लीत त्याचं नावही कोणी ऐकलेलं नव्हतं.

तो मी मंडळात लावला नाही. धाडस नव्हतं असं म्हणा, किंवा वर्गणीचा हिशेब होता असं म्हणा. घरी लावला, ओळखीच्या पाच-सहा जणांसाठी. त्यांत डभोईकडचे आमचे एक नात्यातले काका होते. त्यांची शेती कालव्यावर. मला वाटलं अर्ध्यात उठून जातील. ते शेवटपर्यंत बसले आणि म्हणाले, "माझ्या कपाशीला पाणी तिथलंच येतं ने?" मग म्हणाले, "आमच्या गावाबाहेर वसाहत आहे. हीच माणसं का ती?" हीच. धरणात गावं गेलेल्या कितीतरी कुटुंबांना डभोई, संखेडा, वाघोडिया या तालुक्यांत जमिनी देऊन वसवलं आहे. काका इतकी वर्षं त्यांच्या घरांवरून बैलगाडी, मग ट्रॅक्टर, मग गाडी नेत होते. पुढच्या खेपेला आले ते वसाहतीतल्या एका घरच्या तुरीच्या शेंगा घेऊन. धरणाबद्दलचं त्यांचं मत बदललं का? नाही. ते अजूनही धरणाच्याच बाजूचे आहेत आणि वाद घातला तर मला गप्प बसवतात. पण वसाहतीतल्या बोअरला मोटर हवी होती, तेव्हा पंचायतीत हे उभे राहिले. त्यांना दुसऱ्या दिवशी जाता येईल अशी जागा घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. दिल्ली-मुंबईच्या प्रेक्षकाने हाच माहितीपट बघून काय करायचं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री चढली ती धोक्याच्या खुणेच्या दहाएक फूट वर. समा भागात माझ्या नणंदेच्या तळमजल्यात छातीभर पाणी होतं. मगरी रस्त्यावर आल्या. दोघांनी एक मगर स्कूटरवरून वनखात्याकडे नेली तो व्हिडिओ तुम्हीही बघितला असेल. देशाने बघितला. बडोद्याला महापूर आला हे लोकांना त्या स्कूटरमुळे कळलं.

त्यानंतर नदीवरच्या फिल्मांचा पूर आला. कॉलेजातली मुलं, हौशी मंडळी, दोन-चार संस्था. माझ्याकडे 'मंडळात लावा' म्हणून बऱ्याच आल्या. मी मास्तरीण असल्यामुळे गुण द्यायची खोड आहे, तेव्हा सांगूनच टाकते. यांतल्या बहुतेकांना मी काठावर पास करेन. सगळ्यांत ड्रोन. वरून नदी दिसते, वळणं दिसतात, हिरवा काठ दिसतो, मागे बासरी. इतक्या उंचावरून कोणाच्या सोसायटीचा मैला कुठल्या नळातून नदीत पडतो ते दिसत नाही. कोतरं, म्हणजे काठच्या घळी, बुजवून कोणी प्लॉट पाडले ते दिसत नाही. पावागडाकडून येणारी ही नदी पुराचं पाणी या कोतरांत आणि तळ्यांत पसरवायची, तिची ती जागाच आपण खाल्ली. पण वरून सगळंच देखणं आणि कोणाचीच चूक नाही. आणि शेवटी हटकून एक लहान मुलगी रोप लावते. त्या मुलीचा नदीत एक थेंबही मैला गेलेला नसतो, प्रायश्चित्त मात्र तिच्याकडून.

त्यांतली एकच मी निवडली. ड्रोन नव्हता, कारण पैसे नव्हते. दोन मुलांनी काठाने चालत जाऊन नदीत येऊन पडणारे नाले मोबाइलवर टिपले होते आणि प्रत्येक नाला मागे मागे जात कुठून निघतो तिथवर कॅमेरा नेला होता. एक नाला एका नावाजलेल्या शिकवणी वर्गाच्या मागून निघाला, त्या वेळी मंडपात जो हशा पिकला तो भल्या भल्या विनोदी सिनेमाला मिळत नाही.

आणि फिल्म संपल्यावर मी मगरी पकडणाऱ्या एका स्वयंसेवकाला उभं केलं. तो दोर आणि गोणपाट घेऊनच आला होता. मगरीचे डोळे ओल्या गोणपाटाने झाकले की ती शांत होते, हे त्याने आमच्या खजिनदारांना जमिनीवर पालथं झोपवून करून दाखवलं. अंगणात मगर दिसली तर कुत्रं आधी आत घ्या, दार लावा, गर्दी जमवू नका, दगड मारू नका, व्हिडिओसाठी जवळ जाऊ नका. वनखात्याचा नंबर त्याने सगळ्यांकडून मोबाइलमध्ये तिथल्या तिथे भरून घेतला. मग म्हणाला की मादी फेब्रुवारी ते एप्रिलच्या सुमाराला काठाच्या मातीत खड्डा करून अंडी घालते आणि पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. त्या दिवसांत काठावर बांधकामाचा राडारोडा ओतला की सगळं जागच्या जागी गाडलं जातं. हे ऐकताना आमचे एक सढळ वर्गणीदार फोन आला म्हणून बाहेर गेले ते परत आलेच नाहीत. यंदा त्यांची वर्गणी येते का बघायचं.

मराठी सिनेमाबद्दल लिही असं वाचणारे नेहमी म्हणतात. थोडक्यात लिहिते. शांतारामबापूंचा 'कुंकू' १९३७ चा. म्हाताऱ्या बिजवराशी लग्न लावलेली शांता आपट्यांची नीरा त्या लग्नाला मान्यताच देत नाही. आमच्या संस्थानात बालविवाहबंदीचा कायदा १९०४ मध्येच झाला होता, शारदा कायद्याच्या पंचवीस वर्षं आधी. पण आमचे पूर्वज दंड भरायचे आणि लग्न उरकायचे. दंडाची रक्कम लग्नखर्चात धरलेली असायची असं आजी सांगे. म्हणजे इथे उलटं झालेलं. सकाळचा माणूस पोचला होता, त्याच्या हातात कायद्याचं पुस्तक होतं, आणि रात्रीचा सिनेमाच झाला नव्हता. मुलीच्या मनात काय चाललंय हे कोणी बघितलंच नव्हतं. सुमित्रा भावे समाजशास्त्राच्या संशोधनातून सिनेमाकडे वळल्या. ज्या बायकांवर अहवाल लिहायचा त्यांनाच तो वाचता येणार नाही, हे त्यांना खटकलं होतं. त्यांच्या 'बाई' आणि 'पाणी' या सुरुवातीच्या छोट्या फिल्म मी शाळेत पालकसभेला दाखवायचे. सभेला बाप यायचे आणि फिल्म लागली की निघायचे. मग मी फिल्म आधी आणि मार्कांची वही नंतर असा क्रम लावला.

आदिनाथ कोठारेचा 'पाणी' आम्ही लावला तेव्हा फार मजा आली. नांदेडकडच्या नागदरवाडीत पाणी नाही म्हणून हनुमंत केंद्रेचं ठरत आलेलं लग्न मोडतं, आणि बघायला बसलेली सगळी मंडळी पुरातून गाद्या वाळवून उठलेली. एक वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडचं थोडं घेऊन जा म्हणावं." तरी पावसाचं पाणी जमिनीत कसं जिरवायचं याबद्दल लोकांनी खूप विचारलं. कोरड्या गावाला जे हवं तेच पूर येणाऱ्या शहरालाही हवं, हे मी बोलायच्या आधी नववीतल्या एका मुलाने बोलून दाखवलं. मी त्याला पेंडा दिला.

यंदाचं सांगते आणि थांबते. नंदेसरीसारख्या रासायनिक वसाहतींचं पाणी घेऊन पादरा, जंबुसर तालुक्यांतून खंभातच्या आखाताकडे जाणारा सांडपाण्याचा कालवा आहे, सुमारे ५५ किलोमीटरचा, १९८३ पासून चालू. शहरातल्या निम्म्या लोकांना तो आहे हेच माहीत नाही, मात्र पादऱ्याची भाजी आपण सगळे रोज खातो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने त्याच्या काठच्या गावांवर छोटी फिल्म केली आहे. ती निवेदन करत नाही. एकेका विहिरीचं पाणी पांढऱ्या बादलीत काढते आणि बादली कॅमेऱ्यासमोर ठेवते, बस. फिल्म तयार होऊन बरेच दिवस झाले, मी लावलेली नव्हती, कारण पाणी तपासून देणारं कोणी मिळत नव्हतं. दोन ठिकाणी 'बघू' म्हणाले. आता एका प्रयोगशाळेतला माणूस पडद्याशेजारी टेबल मांडून बसायला तयार झाला आहे. सामू (पीएच) आणि क्षार तो तिथेच मोजेल, बाकीच्या तपासण्यांसाठी नमुने घेऊन जाईल आणि निकाल लेखी देईल. त्याची फी आहे, ती माणशी पन्नास रुपयांत बसते. पादऱ्याकडे ज्यांचं शेत, सासर किंवा भाजीवाला आहे त्यांनी तिकडच्या लोकांना मुद्दाम बोलवा. बाटली स्वच्छ आणा, ज्या पाण्याचा नमुना आहे त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून तोंडापर्यंत भरा आणि कुठल्या गावची, कोणाची विहीर ते चिठ्ठीवर लिहून वर चिकटवा. शाईचं पेन नको, पाणी सांडलं की पुसतं. पेन्सिलीने लिहा.